उजेड डावीकडून

बुधाचं छायाचित्र उघडलं की आधी विचारायचं,
उजेड कुठून येतोय?
ते ठरल्याशिवाय खड्डा आणि उंचवटा
डोळ्याला सारखेच.

मे महिना. विडी घरकुल. पंखा गरम हवा ढवळतोय.
रात्री साडेदहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही,
आणि स्क्रीनवर चारशे तीस अंशांचं मैदान.
"आपल्याकडं एवढं नाही," नायना म्हणाले,
जणू सोलापूरला कुणी प्रमाणपत्र दिलं.
तिथला एक दिवस म्हणजे तिथली दोन वर्षं, मी सांगितलं.
"मग पाळी कधी बदलते?"

खिशातून त्यांनी पिकग्लास काढला,
इंचभर चौकट, घडीचं पितळी भिंग.
त्यानं चाळीस वर्षं चादरीचे धागे मोजले,
तो सरळ ग्रहावर ठेवला.
एकेका ठिपक्यात आमची अख्खी गल्ली मावेल.
"हे फुगलंय."
मी चित्र फिरवलं, वरचं खाली.
सगळे फुगवटे एकदम आत बसले,
वाट्या झाल्या.
"म्हंजे उलटी बाजू बघत होतो की."

चादरीला असतंच तसं.
इकडं पांढऱ्या जमिनीवर लाल मोर,
तिकडं लाल जमिनीवर पांढरा.
मोर तोच.
गिऱ्हाईक कुठली बाजू वर घालणार
हे विणणाऱ्याला कधी कळत नाही.

"इथं ताणा तुटलाय."
खरंच, यानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये
एक काळी पट्टी, कुणीच न पाहिलेली.
मग काय करता?
काही नाही. रिकामी ठेवतो.
"आम्ही गाठ मारायचो."

बुध आतून निवत गेला आणि आकसला,
पहिल्या धुण्यात टॉवेल आकसतो तसा,
फक्त याचं धुणं अब्जावधी वर्षं चाललेलं.
वरच्या कातडीला चुण्या पडल्या,
शेकडो कोस लांब कडे, वेडेवाकडे.
त्यातला एक, एका खड्ड्याला मधोमध कापून जातो.
माझं काम एवढंच
की आधीचं कोण, नंतरचं कोण.
जो कापला गेलाय तो आधीचा.
नायना जरा वेळ बोलले नाहीत.

आठ माग दिवाळीत भंगारात गेले, किलोवर.
शेड भाड्यानं जायच्या आदल्या दिवशी
मी शिडी लावून तुळईपाशी गेले, वरून फोटो घेतले.
सकाळचे आठ, डाव्या झरोक्यातून तिरपं ऊन.
आठ चौकोन, चौकोनाला चार-चार बोल्टांची भोकं.
तेलाचा डाग, त्याच्यावरून गेलेली भेग,
डाग आधीचा.
भेगेत अडकलेला लाल दोरा,
दोरा नंतरचा.
खालून नायनांनी दुरुस्ती सांगितली, हात कमरेवर,
"पाच नंबर मागनं आला. नरसम्माच्या लग्नाच्या साली."
हे फोटोत कुठंच नव्हतं.

चार नंबरच्या पुढ्यात
कोबा गुळगुळीत, दोन पावलांएवढा.
उजेड डावीकडून,
सावली डाव्या काठाशी.
म्हणजे खड्डाच.

नकाशाचा नियम आहे,
हद्द नक्की असेल तर रेघ सलग,
अंदाजानं असेल तर तुटक.
खाली उतरले, गुडघ्यावर बसून हात फिरवला.
झिजलेलं कुठं संपतं, न झिजलेलं कुठं लागतं,
बोटांनाही सांगता येईना.
तुटक.

"किती भरलं?" दारातून त्यांनी विचारलं.
पट्टी आडवी धरून, सुई बुडवून मोजलं होतं.
तीन मिलिमीटर.
"कमीच भरलं की," नायना म्हणाले.